वर्षातून एकदा उंबऱ्याच्या आत

मी व्हीलचेअर बोलतेय. कुठून बोलतेय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बनारसला दुर्गाघाटाच्या गल्लीत एक मराठी घर आहे. त्या घराच्या उंबऱ्याबाहेर, चपलांच्या रांगेतून मी बोलतेय. माझ्या डाव्या अंगाला अण्णांच्या खडावा आहेत, उजव्या अंगाला रत्नाकररावांचे बँकेत जायचे बूट. खडावांना या घरात मान आहे. पूर्वजांच्या आहेत म्हणे. मी कुणाचीच पूर्वज नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे कुणी लाड केले नाहीत, पण अपमानही केला नाही. ज्यांनी मला जोडलं त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: माझे दोन्ही हात निघतात. बसणाऱ्याला पलंगावरून, चौरंगावरून बाजूने सरकून माझ्यात येता यावं म्हणून ते तसे केलेले असतात. खटका दाबला, हात वर ओढला, की निघाला. एवढं लक्षात ठेवा. या गल्लीतल्या थोरांनी लक्षात ठेवलं असतं तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

कारखान्यातून मी आले ती शिबिराला. गल्लीतल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे, वासुदेवकाका त्याचे अध्यक्ष. किती वर्षं आहेत ते त्यांनाही आठवत नाही. त्यांनी दिव्यांग मंडळींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. चालता न येणाऱ्यांचं शिबिर, आणि ते पहिल्या मजल्यावर. खालच्या खोलीत गणपतीचं मखर ठेवलेलं होतं. ते हलवायचं म्हणजे झमेला. त्यापेक्षा माणसं पाठीवर घेऊन वर चढवलेली बरी.

मुक्ता तिथे बापाच्या पाठीवरून आली. वीस वर्षांची. पायांत जन्मापासून जोर नाही, पण हात असे की विहिरीचा रहाट ओढावा. घरात ती फरशीवर हातांच्या बळावर सरकत फिरायची. बारावी तिने घरी बसून केली होती. आता तिला मैदागिनजवळच्या केंद्रात कॉम्प्युटरचं काम शिकायला जायचं होतं. केंद्र चालवणारी लतिका, तीच शिबिरात शिकवायला आलेली. तिची एकच अट होती: गल्ल्या अरुंद, जागोजागी पायऱ्या, तेव्हा घरातल्या दोघांनी खुर्ची पायरीवरून न्यायची कशी ते आधी शिकायचं. दसऱ्यानंतर नवीन तुकडी सुरू होणार होती. न शिकता उचलणारी माणसं लतिकाने खूप पाहिली होती. कवळ घालून उचलण्याची त्यांची हौस खुर्चीत बसणाऱ्यांना महागात पडलेली तिने पाहिली होती.

पहिल्या दिवशी सकाळी भाषणं झाली. मुक्ताचे आजोबा, बिंदुमाधवशास्त्री, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, ते "दिव्यांग म्हणजे देवाचं लेकरू" या विषयावर पाऊण तास बोलले. समोर त्यांची नात हात वर करून बसली होती. तिला काही विचारायचं होतं. देवाच्या लेकराने प्रश्न विचारायचा नसतो.

मग लतिका उठली, तोवर पुऱ्या थंड व्हायला लागल्या होत्या.

"लतिकाजी, उचलायचं काय शिकवता आम्हाला?" वासुदेवकाका म्हणाले. "आमच्या तीन पिढ्या देवाची पालखी उचलत आल्यात."

"पालकी में भगवान बैठते हैं, काका," लतिका म्हणाली. "उनको चोट नहीं लगती."

मागच्या बायका हसल्या. अण्णांनी मान वळवून पाहिलं, तशा थांबल्या. नंतर श्रीखंड-पुरी झाली, फोटो झाला, मी मुक्ताच्या नावावर झाले. आणि अण्णा घरच्यांना घेऊन निघाले. उरलेल्या दोन दिवसांत काय राहिलंय, असं त्यांचं म्हणणं. अशा रीतीने माझं शिक्षण पहिल्याच दिवशी सुटलं. मी सोडलं नाही, मला सोडवलं. मोठी माणसं ठरवतात आणि मग म्हणतात, हल्लीच्या पोरांना शिकायला नको.

जिन्याच्या तोंडाशी मुक्ता माझ्यात बसलेली होती. चार जण पुढे झाले, पुढच्या जोडीत वासुदेवकाका. चौघांनीही माझे हात धरले, पालखीची दांडी धरावी तसे. "हर हर महादेव" म्हणून मला उचललं. वरून लतिका ओरडली, "हत्था मत पकड़िए, फ्रेम पकड़िए." पण देवाच्या गजरात बाईमाणसाचं कोण ऐकतं.

माझा उजवा हात निघाला. निघण्यासाठीच होता तो. वासुदेवकाका हातात माझा हात घेऊन उभे राहिले, आणि मुक्ता जिन्याच्या वळणावर पडली. मनगट मोडलं.

ज्या मुलीला हातच पाय आहेत तिचं मनगट मोडणं म्हणजे काय, ते गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. तरी चर्चा झाली ती माझी. खुर्ची खिळखिळी. खुर्ची अपशकुनी. उचलणाऱ्यांच्या हातांबद्दल एक शब्द निघाला नाही. ते हात रोज संध्या करतात.

घरी आले तर दारातच अडले.

"ही आत नको," अण्णा म्हणाले. "गल्लीतल्या शेणामुतातून जी वस्तू फिरते ती वहाण. वहाण उंबऱ्याबाहेर."

"मग मी घरात कशावर बसू, अण्णा?" मुक्ताने विचारलं. हात गळ्यात बांधलेला.

"आजवर बसत होतीसच की. घरात काय कमी आहे तुला?"

रत्नाकरराव, म्हणजे तिचे बाबा, खाली बघत बुटांच्या नाड्या बांधत होते. बँकेत त्यांच्या सहीशिवाय पान हलत नाही. घरात त्यांच्या होकाराची कुणाला गरज पडलेली मी पाहिली नव्हती.

तेव्हापासून मी रांगेत आहे. पाहुणे माझ्यावर पिशव्या ठेवतात. एका माकडाने माझी गादी फाडली. गाय येते, मला चाटते, निघून जाते. तिलाही आत प्रवेश नाही, पण तिचं मूत्र आत चालतं. हे शास्त्र मला अजून समजलेलं नाही.

आत काय चाललंय ते मला ऐकू यायचं. प्लास्टर होतं तोवर मुक्ताला सरकताही येईना. शरदिनीबाई, तिची आई, तिला मोरीत उचलून न्यायच्या आणि आणताना भिंत धरून थांबायच्या. एक दिवस आतून त्यांचा आवाज आला, "माझी कंबर गेली तर तुझं काय होईल गं."

त्यानंतर शरदिनीबाई दुपारी अण्णांचा डोळा लागला की पिशवी घेऊन भाजीला जायला लागल्या. तास-दीड तासाने यायच्या, आणि पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी. येताना दारात थांबायच्या. इकडेतिकडे बघून माझ्या मागच्या मुठी धरायच्या, पाय खालच्या नळीवर दाबायच्या आणि मला मागे कलवायच्या. पुन्हा. पुन्हा. रिकामी खुर्ची कलवणारी बाई पाहून समोरचा पानवाला म्हणाला, "भाभीजी, झूला झुला रही हैं का?" त्या म्हणाल्या, "हां भैया, भगवान को."

एक माणूस तयार होत होता. दुसरा कुठून आणायचा?

प्लास्टर निघाल्यावर आतून धप्प असा आवाज यायला लागला. बहुतेक पूजेची भांडी घासायच्या वेळी.

"काय पडलं?" अण्णा ओट्यावरून विचारायचे.

"मी," मुक्ता सांगायची. "तुमचं चालू द्या."

फरशीवरून पाटावर, पाटावरून चौरंगावर. हा सराव केंद्राने शरदिनीबाईंच्या मोबाइलवर पाठवला होता. चौरंगाच्या पुढची पायरी मी. पण मी बाहेर.

नवरात्र बसलं. खंडेनवमीला या घरात हत्यारांची, अवजारांची पूजा असते. हत्यारं कसली, अण्णांच्या पोथ्या, विळी, मिक्सर, रत्नाकररावांचा लॅपटॉप. सगळं मांडून झाल्यावर मुक्ता म्हणाली, "अण्णा, माझ्या यंत्राची पूजा नको?"

"कुठलं यंत्र?"

"दारात आहे ते. मिक्सरला फूल आणि त्याला नाही, असं शास्त्रात आहे का?"

शास्त्रात नव्हतं. असतं तर अण्णांनी पाठ म्हणून दाखवलं असतं. मग माझी चाकं गंगाजलाने धुतली, मला उंबऱ्याच्या आत घेऊन चौरंगाशेजारी ठेवलं, गादीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. इतके महिने मी चप्पल होते. पळीभर पाण्याने देव झाले. या घरात मधलं काही होताच येत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. अण्णांनी सोवळं नेसून उत्तरपूजा केली, माझ्यावर अक्षता टाकल्या, पोथ्या चौरंगावरून उचलल्या. वासुदेवकाका अण्णांना सीमोल्लंघनाला न्यायला आले होते, हातात आपट्याची पानं.

"झालं. आता ती बाहेर ठेवा," अण्णा म्हणाले आणि पोथ्या बांधायला वळले.

मुक्ता तेवढ्यात पाटावर आली होती. पाटावरून चौरंगावर. मग तिने माझा ब्रेक लावला, खटका दाबला आणि माझा उजवा हात काढला. तोच हात. तिने तो नीट बाजूला ठेवला आणि सरकून आत आली. स्वस्तिकावर बसली. फक्त शरदिनीबाईंनी पाहिलं.

अण्णा वळले. "पूजेच्या वस्तूवर बसलीस?"

"उत्तरपूजा झाली ना अण्णा. देव गेले. खुर्ची राहिली." तिने माझा हात परत बसवला. "बाहेर ठेवायचीये ना? ठेवा. माझ्यासकट."

आता अण्णांनी मला म्हणायचं काय? चप्पल म्हणावं तर काल स्वतःच पुजलेली, देव म्हणावं तर आत्ताच बोळवलेला. वासुदेवकाका मात्र लगेच पुढे सरसावले, चूक पुन्हा करायला. "चला, मी एका बाजूने धरतो."

"हत्त्याला हात लावायचा नाही, काका," मुक्ता म्हणाली. आवाज चढला नाही. काकांचा हात आपोआप मागे गेला. "बाबा, तुम्ही या. पायरीवर खाली उभे राहा, माझ्याकडे तोंड करून. पायांजवळची ही दांडी धरा. आई मागे."

"मला येत नाही गं हे," रत्नाकरराव म्हणाले.

"म्हणून तर सांगतेय. आईला येतं."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तू कधी शिकलीस?"

"भाजी आणायला म्हणून केंद्रात जायचे तेव्हा," शरदिनीबाई म्हणाल्या. "धरा आता."

अण्णा म्हणाले, "रत्नाकर." फक्त एवढंच. एरवी एवढ्यात काम व्हायचं. रत्नाकररावांनी मान वर केली नाही, पण वाकले आणि माझी दांडी धरली. मागून शरदिनीबाईंनी मला कलवलं. एक पायरी. थांबा. दुसरी. मुक्ता सांगत होती, बाप ऐकत होता, आणि शेवटच्या पायरीवरून माझी चाकं गल्लीच्या दगडाला लागली तेव्हा कुणीही हर हर महादेव म्हटलं नाही.

मुक्ताने काकांच्या हातातली पानं घेतली, त्यातली दोन बापाला दिली. "सोनं घ्या, बाबा." आणि चाकं स्वतः फिरवत केंद्राच्या वाटेवरच्या चौखंबा मोहल्ल्याच्या दिशेने निघाली.

पुढचं थोडक्यात. रत्नाकररावांनी रजा काढून केंद्रात जाऊन राहिलेलं शिकून घेतलं. मुक्ता आता रोज जाते, आई-बाप पायऱ्या उतरवतात, पुढे ती एकटी. अण्णा ओट्यावर बसून लोकांना सांगतात, आमच्या घराण्यात पालखीची परंपराच, म्हणून हे जमलं. वासुदेवकाका पुढचं शिबिर घेणार आहेत. मुक्ताला चार शब्द बोलायला बोलावलंय. तिने कळवलं, खालून बोलते, ऐकू येईल. मखर अजून तिथेच आहे.

आणि संध्याकाळी मी पुन्हा रांगेत. तो नियम तसाच आहे. मुक्ता उंबऱ्यापाशी उतरते, हातांवर सरकत आत जाते. अजून तेवढं जिंकायचं राहिलंय. दसरा दरवर्षी येतो, आणि चौरंग आतच असतो.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. पुढच्या खेपेला मला हार घालू नका. कुंकू चाकाच्या छऱ्यांत जातं आणि चाक जड फिरतं. भक्ती फारच दाटून आली, तर थोडं तेल घाला.