घोगरा गंधार

कार्यक्रम पाचला लागणार होता आणि चार वाजता ठमीच्या लक्षात आलं की काका खोटं बोललेत.

रेडिओ केंद्रात तिला सगळे मॅडम म्हणत. ठमी म्हणणारे जगात दोघंच उरले होते, आई आणि काका. केंद्रातल्या जुन्या पायपेटीच्या इतिहासावर तिने अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला होता. निवेदन नावापुरतं, बाकी नुसते आवाज: पायाखालच्या पॅडलांची करकर, भात्याचा उसासा, झाकणाची कुरकुर. मधोमध काकांची मुलाखत. तीस वर्षं ही पेटी सुरात ठेवणारा माणूस ठासून सांगत होता, "आतली एकही सुराची पितळी पट्टी बदललेली नाही. सगळ्या पहिल्या दिवसाच्या." त्यामागोमाग एकच धून दोनदा वाजायची होती, पन्नास वर्षांपूर्वीच्या टेपवरची आणि गेल्या महिन्यातली.

शेवटची तपासणी म्हणून तिने दोन्ही लागोपाठ ऐकल्या. बाकी सूर सख्खे, पण जुन्या टेपवरचा मधला गंधार जरा चढा आणि घोगरा होता. आताचा स्वच्छ. घासून सूर वरखाली करता येतो, घसा बदलता येत नाही, हे तिला बाबांनी लहानपणीच शिकवलं होतं. पट्टी बदललेली होती.

"ज्याला कान आहे त्याला कळणार," ध्वनितंत्रज्ञ म्हणाला. "पण सोपं आहे. जुन्यातला गंधार काढतो, तिथे आताचा चिकटवतो."

काकांच्या आधी ही पेटी बाबा सांभाळत. ठमी दहा वर्षांची असताना बाबा एका दुपारी हत्यारांची पेटी घेऊन घरी आले आणि "सुटली नोकरी" एवढंच म्हणाले. त्यानंतर घरात रेडिओ लागला नाही. त्यांची जागा काकांना मिळाली आणि ठमीचं शिक्षण काकांनी केलं. अशा माणसाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं? ती धर्मराज नव्हती, पुतणी होती.

"चिकटव," ती म्हणाली.

साडेचारला काका आले, इस्त्रीचा सदरा घालून. कार्यक्रम ते इथेच बसून ऐकणार होते. तिने सहज ऐकवतेय असं दाखवत जुनी धून लावली. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पुन्हा लाव."

तिने लावली.

"हा गंधार तेव्हाचा नाही. तेव्हाचा घोगरा होता. कुणी हात लावला याला?"

तंत्रज्ञ खाली मान घालून वायर गुंडाळायला लागला. काकांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. खोटं त्यांना तीस वर्षं पचलं होतं, पण बेइमान गंधार घटकाभरही पचला नाही.

"माझ्यासाठी केलंस?"

"मग काय करू? तुम्हीच सांगितलंत, एकही बदलली नाही म्हणून."

काका खुर्चीत बसले. "तेव्हा मी दादाच्या हाताखाली होतो. गंधार चढा लागतो म्हणून मी ती पट्टी बुडाशी घासायला घेतली. दादा म्हणाला होता, राहू दे, तो तिचा स्वभाव आहे. मी ऐकलं नाही. मोडली. साहेब आले तेव्हा कानस माझ्या हातात होती. दादाने ती काढून घेतली आणि म्हणाला, माझ्याकडून झालं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"माझं लग्न ठरलं होतं. आधी वाटलं, उद्या सांगू."

ठमीला त्यांचा राग आला. घड्याळात पाचला अठरा मिनिटं कमी होती.

"ती पट्टी?"

काकांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. कापडात दोन पितळी तुकडे होते.

"माझी मुलाखत काढून टाक," ते म्हणाले. "माइक दे."

पाचला कार्यक्रम लागला. घोगरा गंधार जसाच्या तसा गेला. मग काकांचा आवाज, एकदाही न अडखळता. शेवटी दोन तुकडे टेबलावर ठेवल्याचा बारीक आवाज, आणि मग आताची धून.

साडेपाचला ठमीचा फोन वाजला. आई होती. तिने कार्यक्रम ऐकला होता.

"तुझ्या बाबांना मी शेवटपर्यंत कामचुकार म्हटलं गं," ती म्हणाली. "एकदाही उलटून बोलले नाहीत."

समोर काका उभे होते.

"वहिनी काय म्हणाली?"

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी सदऱ्याला हात पुसला. मग फोन घेतला.