माझी शिखरं आणि त्याची वाहवा

मित्रांनो, मी इंधन तपासणारं एक जुनं यंत्र आहे. डेन्मार्कच्या हिर्टशाल्स बंदरातल्या एका लहान प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. माझ्या पोटात केसासारखी बारीक, लांबच लांब नळी गुंडाळलेली आहे. इंधनाचा थेंब तापवून तिच्यातून सोडला, की त्यातलं एकेक रसायन आपापल्या वेळी बाहेर पडतं आणि मी कागदावरच्या आलेखात त्याचं शिखर काढतो.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या गुनव्होरबाई ती शिखरं पाहून रसायनांची नावं सांगायच्या. रोज सकाळी त्या आधी मला रिकामं चालवायच्या. पोटात कालचं काही राहिलं नाही ना, हे बघायला. मला ते फार आवडायचं.

मग संगणक आला. माझी शिखरं तो हजारो जुन्या नमुन्यांशी ताडून बघतो आणि संख्याशास्त्राच्या हिशेबाने रसायनं ओळखतो. एकाच शिखराखाली लपलेली दोन रसायनंही वेगळी काढतो. मला ते कधी जमलं नाही. म्हणूनच तो माझ्या डोळ्यांत सलतो. बाई कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसू लागल्या. माझी सकाळची रिकामी फेरी बंद झाली. "आतला मळ तो हिशेबातून वजा करतो," त्या म्हणायच्या. पण त्याला ठाऊक होता तो महिन्यापूर्वीचा मळ.

नोव्हेंबरात एकदा मी मालवाहू जहाजाचं काळं, जाड तेल तपासलं. दुसऱ्या दिवशी जीवरक्षक नौकेचं डिझेल आलं. नळीत अडकलेलं कालचं तेल त्याच्यासोबत बाहेर पडलं. संगणकाने बेधडक सांगितलं, डिझेलमध्ये जड तेल आहे. नौका धक्क्यालाच थांबली. आता हा तोंडघशी पडणार, म्हणून मी मनातून खूश होतो.

तेवढ्यात नौकेचा कप्तान आस्गर ओल्या बुटांनीच आत घुसला.

"गुनव्होर, बाहेर एक मासेमारी बोट सुकाणू मोडून वाहत चाललीय. चार माणसं आहेत तिच्यावर. आणि तुझा हा डबा म्हणतो, निघू नका!"

"डबा नाही रे, आकडे म्हणतायत."

"मग दोर घेऊन आकड्यांनाच पाठव!"

माझी खुशी तिथेच विरली. बाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी मला रिकामं चालवलं. इंधन नव्हतं, तरी जड तेलाची शिखरं उमटली.

"अगं बाई! हे तर कालचं!"

त्यांनी मला कडक तापवून साफ केलं आणि डिझेल पुन्हा तपासलं. ते स्वच्छ होतं. नौका सुटली. चौघेही जिवंत परतले.

संध्याकाळी आस्गर आला. "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणत त्याने संगणकाला थोपटलं. आणि आपली ओली टोपी माझ्या झाकणावर वाळत घातली.

मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा. मी जळेन, पण तुम्ही करा. फक्त रोज एकदा जुन्याकडेही वळून बघत जा. यंत्र असो की माणूस, त्याच्या पोटात काय साचलंय, ते विचारल्याशिवाय कळत नाही.