आत्याच्या आकृत्या

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात आत्याची चाळीस वर्षं गेली. हात थकले तशी तिनं दुकान बंद केलं आणि दुरुस्तीचं पुस्तक लिहायला घेतलं. दोनशे बारा आकृत्या, सगळ्या स्वतः काढलेल्या. तांत्रिक पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशनात काम करणारी तिची भाची ते पाहून हरखूनच गेली.

पण आत्याला दुसऱ्या प्रकरणात एक आकृती वाढवायची हुक्की आली आणि पुढचे सगळे क्रमांक हुकले. सुईसाठी 'आकृती ४० पाहा' म्हणावं, तर तिथे पट्टा! हातानं दुरुस्त करता करता भाचीच्या नाकी नऊ आले. शेवटी तिनं ठरवलं, साध्या मजकुरात कंस, चांदणी अशा खुणा घालून लिहायचं आणि त्या वाचून क्रमांक संगणकानं घालायचे. पण खुणांची पद्धत कोणती घ्यायची?

रविवारी तिनं तेच प्रकरण तीन पद्धतींनी लिहून आत्यापुढे ठेवलं आणि एकेकीचे गुण सांगायला लागली.

"सांगून काय कळतंय? सरक बाजूला!" बाह्या सरसावून आत्या संगणकापुढे बसली.

पहिल्या पद्धतीत कंसच कंस. आत्यानं मुद्दाम एक खोडला. अख्खं प्रकरण अडून बसलं, एकही पान तयार होईना.

"एक स्क्रू सैल झाला तर सगळं मशीन रुसणार? नको गं बाई."

दुसरी अगदी सोपी, पण आकृत्यांचे क्रमांक हातानंच टाकायचे.

"म्हणजे तेच रडगाणं!"

तिसरीत आत्यानं एक चांदणी खोडली. एका शब्दाचा ठळकपणा गेला, बाकी सगळं जागच्या जागी. शिवाय इथे प्रत्येक आकृतीला नाव देता येत होतं. मजकुरात नाव लिहायचं, क्रमांक आपोआप येणार. आत्यानं मध्येच 'बॉबिन' नावाची आकृती घुसवली आणि बटण दाबलं. पुढचे सगळे क्रमांक गुमान एकेक पाऊल सरकले.

"अगं, हे तर लोण्यासारखं चालतंय!" आत्यानं टाळीच वाजवली. मग उठून आत गेली आणि पुठ्ठ्याची एक फाइल घेऊन आली. आत आणखी अकरा आकृत्या.

"तुला ताप नको म्हणून दडवल्या होत्या."

भाचीनं कपाळाला हात लावला आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

दीड महिन्यात सगळं पुस्तक तिसऱ्या पद्धतीत आलं. छपाईच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याचा फोन.

"पाचवं प्रकरण पहिलं केलं तर?"

"कर की!" भाची म्हणाली आणि आपण किती सहज म्हणालो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.