राणीची पाठ

फोटो वर चढतो न चढतो तोच खाली लाल बदाम हजर. नाव 'संजेमल्लिगे', चेहऱ्याच्या जागी एक फूल, स्वतःचा एकही फोटो नाही. आधी मी खूश झाले. वा सहाना, तुला फॅन मिळाली! मग मला तिचा संशय यायला लागला.

माझं पेज गोंब्यांचं, म्हणजे बाहुल्यांचं आहे. दसऱ्याला आमच्या म्हैसुरात घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात आणि सगळ्यात वर रक्तचंदनाची राजा-राणीची जोडी. ती जोडी आई लेकीला लग्नात देते. बाकीचे लोक ट्यूबलाइटखाली उभे राहून फोटो काढतात, त्यात बाहुल्या रेशनच्या रांगेत असल्यासारख्या दिसतात. मी ट्यूब बंद करते, खिडकी उघडते, खालच्या पायरीसाठी सरळ पालथी पडते आणि वरच्या जोडीसाठी स्टुलावर चढते. मोबाइल बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. माझी मैत्रीण नव्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरून उजेड परतवते आणि कुरकुरते. गेल्या वर्षी मला वर्गातली पोरंसुद्धा फॉलो करत नव्हती. यंदा बेंगळूरहून लोक विचारतात, पुढचं घर कुठलं? मॅथ्सच्या मिससुद्धा! आता मी कुणाच्याही दाराशी बिनधास्त उभी राहते.

तर ही संजेमल्लिगे. हत्ती, अंबारी, दुकानदार शेट्टी-शेट्टीण, कशाशी तिला देणंघेणं नाही. फक्त राणी. "फार सुंदर. घर कुठल्या भागात?" मी सांगायची. "राणीची पाठ दाखवाल का?" मी तीही दाखवायची! मला वाटलं, कारागिरीची आवड असेल. पाठीच्या फोटोंना बदामही भरपूर मिळाले, खोटं कशाला बोलू?

मग येलवालच्या भागीरथीबाईंचा फोन आला. त्या आमच्या नात्यातल्या. त्यांच्या जोडीचा फोटो मी सणाच्या पहिल्याच दिवशी टाकला होता, फक्त समोरून.

"अगं सहाना, तुझं बघून एक बाई आली होती. गोंबे बसवलेत का म्हणाली. ये म्हटलं. या दिवसांत नाही कसं म्हणायचं?"

खरंच नाही म्हणता येत नाही. गोंबे बघायला आलेल्याला, ओळखीचा असो नसो, आत घ्यायचं, बाईला कुंकू लावायचं, हातावर खाऊ ठेवायचा.

"मग?"

"मग काय! सरळ वरच्या पायरीकडे गेली. राणीचा पदर उचलून पाठ बघितली. मी कुंकवाचं ताट आणेपर्यंत बाई पसार. कुंकू न घेता कोण जातं गं?"

मी घरांचे पत्ते टाकत होते, जोड्यांचे फोटो सगळ्या बाजूंनी टाकत होते. आणि दसऱ्यात दारं उघडी. चोराला आणखी काय लागतं? उद्या कुणाची राणी गेली तर बोट माझ्याकडे.

"पेज बंद कर," नव्या म्हणाली.

"वेडी आहेस का? तिला पकडायचं."

"पकडून?"

"ते नंतर बघू."

सापळ्याला राणी हवी, आणि ती बोगादीतल्या आमच्याच घरात होती, हॉलमध्ये, सगळ्यात वरच्या पायरीवर. पण अज्जी, म्हणजे सरस्वतीबाई, तिचा फोटो काढू देत नसे. "आमची राणी अशी दुनियाभर फिरायची नाही." बाकी बाहुल्यांना मी नेसवायचं, राणीला मात्र अज्जी दार लावून एकटी जरीचं नेसवायची. अम्मालासुद्धा हात लावू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं, अज्जीची श्रद्धा.

अज्जी देवळात गेली तेवढ्यात मी फोटो काढला. काय आला होता! खिडकीचा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, नथीवर एक चमक. खाली आमच्या रस्त्याचं आणि घराचं नाव लिहिलं आणि वर चढवला.

बदाम आला. मागोमाग मेसेज. "पाठ दाखवाल का?"

मी लिहिलं, "स्वतः येऊन बघा."

"बरोबर आहे," नव्या म्हणाली. "चोराला पत्ता दे, वर आमंत्रण दे. चहा ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. नव्या दाराआड खुर्ची टाकून बसली. अज्जी आत भिजवलेले हरभरे परतत होती. अकराच्या सुमाराला गेट वाजलं. अम्माच्या वयाची एक बाई, सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी. पिशवी! मी नव्याला डोळ्यानं खुणावलं.

"गोंबे बसवलेत ना?" बाईनं विचारलं.

"या ना," मी गोड हसले. ती आत येताच नव्यानं दाराला कडी घातली.

बाईनं कडीचा आवाज ऐकला, पण वळून पाहिलं नाही. ती राणीकडेच बघत होती. बराच वेळ. मग हात वर गेला.

"हात नाही लावायचा," मी म्हटलं. "संजेमल्लिगे तुम्हीच ना? घरोघर राण्यांच्या पाठी बघत फिरता. आणि कुंकू न घेता पळता. पिशवीत काय आहे?"

"सहाना," नव्या पुटपुटली, "जरा हळू."

बाईनं पिशवी खाली ठेवली आणि उघडून दाखवली. आत टॉवेलात गुंडाळलेला एक राजा होता. रक्तचंदनाचा, हातभर उंच, अगदी एकटा.

"माझं नाव मधुमिता," ती म्हणाली. "कुंकू घेत नाही, कारण यंदा आमच्याकडे सण नाही. आई गेली. तिचं नाव तुंगा. लग्नात तिनं मला हा दिला. नुसता राजा. राणी कुठेय विचारलं की म्हणायची, एका घरी सणापुरती दिलीय, त्या आणून देतील. नाव सांगायची नाही. आता माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. तिलाही अर्धीच जोडी देऊ?"

गोष्ट छान होती. पण चोरांच्या गोष्टी छानच असणार! एक राजा कुठूनही उचलायचा आणि दारोदार राणी मागायची.

"तुमचीच कशावरून?" मी म्हटलं.

"लहानपणी मी तिच्या पाठीवर उदबत्तीनं चांदणी काढायला गेले. ठिपके भाजले गेले. वेडेवाकडे, डाव्या खांद्याखाली. आईनं मला झोडपलं होतं."

"आमच्या राणीच्या पाठीवर काही नाही."

"तू बघितलीयस?"

मी थबकले. पण थबकणं हल्ली मला जमत नाही. "बघायला कशाला पाहिजे? आत्ता दाखवते. नव्या, स्टूल दे. आणि मोबाइल धर, रेकॉर्ड कर. होऊन जाऊ दे."

"सहाना!" स्वयंपाकघराच्या दारात अज्जी उभी होती, हातात झारा. "खाली उतर. सुम्ने, गप्प बस एका जागी."

"अज्जी, ही बाई म्हणते—"

"ऐकलं मी. ती आपली आहे. उतर."

"तेच तर दाखवते!" मी म्हटलं आणि जरीची गाठ सोडली.

वस्त्र खाली घसरलं. गुळगुळीत लाल लाकूड. डाव्या खांद्याखाली काळे ठिपके, चांदणी होता होता राहिलेले.

आत कढईतले हरभरे करपल्याचा वास येऊ लागला.

अज्जी खुर्चीवर बसली. "आमची राणी घर बदलताना टांग्यात राहिली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुंगा शेजारीण. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता, तिच्याकडे सण नव्हता. ती म्हणाली, सरस्वती, माझी ने, राणीशिवाय कशी मांडशील? मी नेली. मग ती भावाकडे गेली राहायला. मी म्हणत होते, पुढच्या वर्षी देईन. दर वर्षी म्हणत होते."

मधुमिता आंटींनी राणीकडे हात केला. अज्जीनं मान हलवली.

"आज नाही नेता यायची. मांडलेली जोडी दशमीला निजवल्याशिवाय हलवत नाहीत. दशमी झाली की मी स्वतः..."

"माझ्या आईलाही तुम्ही हेच सांगितलं असेल," आंटी म्हणाल्या.

अज्जीचं तोंड उतरलं. मी स्टुलावर उभी. ज्या बाईला आम्ही कडी लावून कोंडलं होतं, ती आता आमच्यावर विश्वास ठेवत नव्हती, आणि तिचं चुकत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर राणी तशीच पिशवीत टाकली असती.

"कडी काढ," मी नव्याला म्हटलं. ट्यूब बंद केली, खिडकी पूर्ण उघडली. "आणि थर्माकोल आण."

"आत्ता? तुला आत्ता फोटो सुचतात?"

"डाव्या बाजूनं धर. ठिपके दिसले पाहिजेत."

पाठीचा फोटो काढला. मग आंटींना राजा धरून शेजारी उभं केलं आणि दुसरा काढला. खाली लिहिलं: ही तुंगाबाईंची राणी, आता त्यांच्या लेकीची, मधुमिता यांची. आमच्याकडे सणापुरती आली होती. दशमीला परत जाणार. सगळे लक्ष ठेवा.

बटण दाबण्याआधी मोबाइल अज्जीसमोर धरला. नातेवाईक, भागीरथीबाई, अख्खी बोगादी बघणार होती. अज्जीनं चष्मा लावून एकेक शब्द वाचला.

"सगळ्यांना कळेल," ती म्हणाली.

"हो अज्जी."

"मग माझं नावही लिही. सरस्वतीबाईंनी ठेवून घेतली होती, असं." आणि करपलेले हरभरे बघायला ती आत गेली.

मी लिहिलं. फोटो वर चढवला. हॉलमध्येच, माझ्या शेजारी, आंटींचा मोबाइल टुण् वाजला. पहिला बदाम संजेमल्लिगेचा.

"आता बसा ना आंटी, हरभरे खाऊन जा," नव्या म्हणाली.

"थांब जरा." आंटींनी हातातला मोबाइल वर केला आणि राणीचे फोटो घेतले. समोरून, बाजूनं, मागून. आमच्या दाराचा, घराच्या नावाचा, आणि शेवटी माझासुद्धा.