कोल्ह्याची खोटी बातमी

गजानन जालन्यातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, टेंभुर्णीचं घर भावकीच्या ताब्यात. कचेरीत हा माणूस चहा पिण्यापुरतं तोंड उघडायचा. पण ‘जालना कट्टा’ नावाच्या संकेतस्थळावर तो ‘टेंभुर्णीचा वाघ’ होता आणि तिथं त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

त्याचा वैरी म्हणजे ‘गोदाकाठचा कोल्हा’, शहागडचा संपत. नऊ वर्षं दोघांची जुंपलेली, भेट मात्र एकदाही नाही. वाघानं लिहावं, “तुमच्या शहागडात ट्रक थांबतो तो पंक्चर झाला तरच.” कोल्ह्यानं लगेच म्हणावं, “तुमच्या टेंभुर्णीत पंक्चर व्हायला आधी तिथं यावं लागतं, अन् येतं कोण?” कट्ट्यावरची मंडळी हातातलं काम टाकून हे वाचत बसायची. ज्याला उत्तर सुचणार नाही त्यानं ‘शरण’ लिहायचं, असा दोघांचा करार होता. नऊ वर्षांत तो शब्द कुणीच लिहिला नव्हता.

एका सोमवारी कोल्ह्यानं लिहिलं, “शेतातून येऊन राह्यलो होतो, कावळा डोक्याला शिवून गेला. टेंभुर्णीचं डोकं असतं तर त्यानंबी नाक मुरडलं असतं.” गजाननने उत्तर दिलं, “कावळ्याला सडकं बराबर कळतं.” सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गजाननला खासगी निरोप आला. ‘काका, मी शीतल, संपतरावांची मुलगी. आबा सकाळी वारले.’

त्याच्या हातातला घास डब्यात पडला. मग कालचा कावळा आठवला आणि तो स्वतःशीच हसला.

आपल्याकडची जुनी रीत आहे ही. कावळा डोक्याला शिवला की मरण त्या माणसाचा माग काढतं म्हणतात. त्यावर उतारा एकच. कुणा जिव्हाळ्याच्या माणसाला तो मेल्याची खोटी बातमी कळवायची. त्यानं खरोखर डोळ्यांतून पाणी काढलं की मरणाला वाटतं, आपलं काम झालं, आणि ते परत जातं. मग हसत हसत खरं सांगायचं. गजाननच्या आईनं असंच एकदा त्याच्या मामाला रडवलं होतं.

हे ठाऊक असताना शहाण्यानं गप्प बसावं, घरी जाऊन निदान रडायचा प्रयत्न तरी करावा. पण नऊ वर्षांची खुमखुमी कुठं गप्प बसू देते! गजाननने कट्ट्यावर, सगळ्यांसमोर लिहिलं, “कोल्ह्या, सोंग पुरे. वाघाला रडवायला निघाला का? मेलास तर मेलास, जाताना शरण लिहून जा.” त्रेचाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले.

चार वाजता फोन आला.

“काका, शीतल बोलते. तुम्ही रडलाच न्हाईत का?”

“न्हाई गं, मी ओळखलं ना.”

ती म्हणाली, “आबांना ना भाऊ ना साडू. माझा मामा हाय तो बोलत न्हाई. आबा म्हणले, दुसऱ्या कुणाला नको, गजाननलाच कळव. रोज भांडतो, त्याचा जीव हाय माझ्यात, तो रडंल.”

“मंग दुसऱ्याला कळव की जल्दी!”

“एकदाच कळवता येतं, काका.”

मागून एक जाडसर, खेळकर आवाज आला. नऊ वर्षांत गजाननने तो पहिल्यांदाच ऐकला. “रडला न्हाई ना? सोड गं. वाघ हाय तो.”

गजानन त्या संध्याकाळी आरशासमोर उभा राहिला. बायकोची आठवण काढली, आईची काढली. डोळे कोरडेच राहिले. त्याला स्वतःची भीती वाटली.

गुरुवारी, जेवणाच्याच सुट्टीत, निरोप आला. ‘काका, आबा सकाळी वारले.’ शब्द जवळपास तेच. त्याने फोन लावला. या वेळी मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

दहाव्याला तो शहागडला गेला. मुलगा नव्हता, म्हणून शीतलनेच गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. समोरच्या कठड्यावर एकच कावळा बसला होता. पिंडाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो गजाननकडे बघत होता. गजानन दोन पावलं सरकला तर त्याची मानही तितकीच वळली.

“पोरीचं लग्न थाटात लावू,” कुणी म्हणालं. “मोसंबीची बाग राखू,” दुसरं म्हणालं. कावळा हलेना. ऊन चढलं, तासाभराने भटजीसुद्धा कंटाळले. शेवटी शीतलनेही गजाननकडे पाहिलं.

तो पुढे झाला. घसा साफ करून म्हणाला, “कोल्ह्या, नऊ वर्षं जीभ चालवली, अन् आज पानात वाढलं तर लाजून राह्यला? शहागडचा भात कावळाबी खाईना, बघ!”

मागे कुणीतरी “अरे अरे!” म्हणालं. गजानन उत्तरासाठी थांबला. नऊ वर्षांची सवय ती. नदीवर वारा होता, बाकी काही नाही. उत्तर आता कधीच येणार नव्हतं आणि हे त्याला तिथं, त्या क्षणी कळलं.

“शरण,” तो म्हणाला. “संपत, मी शरण.” आणि तो खाली बसून पोरासारखा ढसाढसा रडला. त्या मंगळवारी हवं होतं ते सगळं पाणी आता निघालं.

कावळा उडाला. गजाननच्या डोक्याला दोन्ही पाय लावून तो पुढे गेला आणि पिंडावर उतरला.

“शिवला, शिवला!” लोक सुटकेने म्हणाले. पिंडाच्या आधी तो कुठे शिवला ते फक्त शीतलने पाहिलं. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “काका, तुमच्या जिव्हाळ्याचं कोण हाय? नंबर द्या, जल्दी कळवते.”

गजाननने फोन काढला. नावं वरपासून खालपर्यंत सरकवली, मग खालून वर.

“तू रडशील का गं?” त्याने विचारलं.

“मला तर ठाऊक झालं ना, काका,” ती म्हणाली. “मंग कसं चालंल?”

तो फोन हातात धरून उभा राहिला. कावळा सावकाश भात खात होता.