तळाशी राहिलेलं यीस्ट

आमच्या गावात बिअर कुणा एकाची नसते. गावाच्या सामाईक भट्टीत लाकडं पेटवून जवाचा रस उकळायचा, आपापल्या तळघरात नेऊन आंबवायचा आणि बिअर तयार झाली की दारावर लाकडी चांदणी टांगायची. चांदणी दिसली की गाव त्या घरी येऊन बसतं. टाकीच्या तळाशी राहिलेलं यीस्ट मात्र विकायचं नाही, टाकायचंही नाही. ज्याची पुढची पाळी, त्याच्या डब्यात ते जातं. लिंडनरांकडून कोर्बिनियानकडे, त्याच्याकडून माझ्याकडे, आणि माझ्याकडून पुन्हा लिंडनरांकडे.

शेजारच्या कोर्बिनियानची छाती या वर्षी पार गेली. येणारा हिवाळा काही बघणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. त्याला एकच घोर होता, आपल्यामागे घराची पाळी राहते की जाते. म्हणून त्याने फाइटला, एकुलत्या एका मुलाला, अमेरिकेतून बोलावून घेतलं. फाइट तिकडे ऑरेगनमध्ये बिअरच बनवतो, दर महिन्याला नवी. मला तर ते ऐकूनच चीड यायची.

भट्टीवर मात्र त्याने चोख काम केलं. पण घरी टाकीत तिकडून आणलेली, बिअरला वास नि कडूपणा देणारी हॉपची फुलं ओंजळ भरभरून टाकली. चांदणी लागली त्या सकाळी मी यीस्टसाठी डबा घेऊन गेले, तर तळघर आरशासारखं लख्ख.

"यीस्ट कुठंय रे?"

"धुऊन टाकलं, काकू. तिकडे आम्ही प्रत्येक खेपेला प्रयोगशाळेतून ताजं मागवतो." माझ्या हातातला डबा बघून त्याचा चेहरा उतरला. "पुढची पाळी तुमची होती का?"

"नाही, फुलं वेचायला आलेय."

जिन्यात कोर्बिनियान उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"अरे, शेजारच्या गावच्या बिअर कारखान्यातून आणीन मी," मी घाईने म्हटलं. "काही बिघडत नाही."

"चांदणी काढ," तो मुलाला म्हणाला.

वर माणसं येऊन बसायला लागली होती. त्यांच्यादेखत फाइट शिडीवर चढला आणि चांदणी खाली उतरवली.  एकेक जण टोपी घालून निघून गेला.

संध्याकाळी मी कोर्बिनियानजवळ जाऊन बसले. खाली जाऊन एक ग्लास पिऊन आले होते. संत्र्याच्या सालीचा वास, मागून कडू, आणि खोटं का बोलू, आणखी एक प्यावासा वाटला.

"चांगली झालीय रे त्याची."

"वाईट आहे असं मी कुठे म्हटलं, बुर्गी?" त्याला धाप लागली होती. "पण ती त्याची एकट्याची आहे."

फाइट दारातच उभा होता. "बाबा, तिकडे मी गेलो तेव्हा डबा घेऊन कुणाकडे जावं, असं एकही घर नव्हतं," तो म्हणाला. "सगळ्यांनी आपापलं शून्यातून उभं केलं. म्हणून तिथे काहीही करून बघता येतं. इथे कुणी करून बघतच नाही."

"इथे घरं आहेत," कोर्बिनियान म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

मी कारखान्याचं यीस्ट आणून माझी टाकी लावली. ती अजून फसफसत होती, तेव्हाच कोर्बिनियान गेला. त्याच्या घरावर चांदणी नव्हती. मला कोर्बिनियानचा राग आला, पोराचा त्याहून जास्त.

दफनानंतरचं जेवण माझ्याकडे ठेवलं होतं. फाइटने कशाला हात लावला नाही. माणसं पांगल्यावर मी तळघरात उतरले, तर तो काळ्या कोटातच माझ्यामागून आला. हातात त्यांच्या घरचा डबा होता.

"काकू, टाकीतली बिअर काढून झाली का? यीस्ट हवं होतं."

"कारखान्याचं आहे ते."

"तुमच्या तळघरातून निघालंय ना? मग झालं."

"लिंडनरांची पाळी आहे."

"त्यांना विचारून आलोय. या खेपेला ते आमच्यामागून घेतील."

"आणि ती तुझी फुलं?"

"टाकणार. पण बिअर दुसऱ्या टाकीत काढल्यावर. यीस्ट स्वच्छ राहील, मी स्वतः लिंडनरांकडे नेऊन देईन."

मी त्याचा डबा काठोकाठ भरला. कबरीवर मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं.

"बाबांना हे सांगायचं राहिलं," तो म्हणाला.

 डबा जड झाला होता. एका कडीला त्याने धरलं, दुसरीला मी, आणि आम्ही तो जिन्यावरून वर नेला.