घामाच्या डगल्याची सुटका

मित्रांनो, मी एक जुना रबरी डगला आहे. थंडीपावसाचा नव्हे, घाम काढायचा! कोरियातल्या ज्युदोच्या पोरी वजन उतरवायला मला अंगात चढवतात, गळ्यापर्यंत चेन ओढतात आणि पळत सुटतात. आत वारा शिरायची सोय नाही, हीच माझी थोरवी. प्रशिक्षक ग्वाक सर तर मला खुंटीवर मोठ्या मानाने टांगत.

माझी शेवटची मालकीण ह्ये-रिम. आली तेव्हा नुसती काडी होती. सत्तावन्न किलोच्या गटात सहज बसायची, पदकंही आणायची. मग पोर वाढली, हाडापेराने भरली. त्यात तिचा काय गुन्हा? पण दर स्पर्धेआधी तिला माझ्यात कोंबायचं, हे ठरूनच गेलं.

"सर, मी वरच्या गटात खेळू?" तिने एकदा भीत भीत विचारलं.

"तिथे तुझी दान-बीताई आहे. एकाच संघातली धाकटी ताईच्या अंगावर जाणार? लाज नाही वाटत?"

झालं! वर ताई, खाली वजनकाटा आणि मधे माझ्यात कोंडलेली ती. मलाही जीव नकोसा झाला होता. पण डगल्याला कोण विचारतो?

राष्ट्रीय संघाच्या निवडीआधीचं वजन संध्याकाळी व्हायचं होतं. दुपारी तिची आई पोहांगच्या मासळीबाजारातल्या आपल्या दुकानातून थेट आली, चिकट तांदळाचे गोळे घेऊन. परीक्षेआधी, सामन्याआधी ते खायचेच. खाल्ले की यश चिकटतं म्हणतात. आईचं मन कसं मोडायचं? ह्ये-रिमने वजन व्हायच्या आधीच ते खाल्ले. काट्यावर उभी राहिली, तर वजन जास्त!

"घाल डगला. अजून वेळ आहे," सर म्हणाले.

मला घालून ती गरम खोलीत पळू लागली. मी वाट बघतोय, पण घाम येईना. एक थेंब नाही! पोरीच्या अंगात पाणीच उरलं नव्हतं. नुसती तिची धडधड मला लागत होती. घाबरून ती चेनशी झटू लागली आणि नेमकी माझी चेनच अडकली. असा मेला मी करंटा!

"आई, निघत नाहीये गं!"

आई धावत आली. चिकट गोळे कापायला आणलेली कात्री तिच्या हातातच होती. तिने मला गळ्यापासून खालपर्यंत टराटरा कापलं.

"अहो, निवड हुकेल!" सर ओरडले.

"हुकू दे! मी मासळीसुद्धा अशी सुकवत नाही," आई कडाडली. "पाणी पी गं आधी."

निवड हुकली. ह्ये-रिम खूप रडली, पण पोटभर जेवून रडली. पुढच्या वसंतात ती वरच्या गटात उतरली. दान-बीताईला कमरेत वाकून नमस्कार केला आणि तिची कॉलर घट्ट धरली.

मी आता आईच्या दुकानात मासळीच्या पेट्यांवर पसरलेला असतो. त्या सामन्यानंतर गिऱ्हाइकांनी विचारलं, "काय झालं लेकीचं?"

"हरली!" आई हसत म्हणाली. "पण ताईला घाम फोडून हरली."

मित्रांनो, बाकीच्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मला खुशाल फाडा. पण आत कोण गुदमरतंय, ते वेळेवर बघा.